जिनमधल्या बायकांची कॅसेट

माझ्या दादाने एकूण पाच कॅसेटी काढल्या. ‘काढल्या’ हा त्याचाच शब्द. लोक पुस्तक काढतात, दिवाळी अंक काढतात, तशा त्याने यवतमाळच्या आमच्या भाड्याच्या घरात, मागच्या खोलीत बसून कॅसेटी काढल्या. सगळ्यात जास्त प्रती निघाल्या त्या चाळीस. सगळ्यात कमी बावीस, कारण त्या वेळी बाजारात बावीसच कोऱ्या कॅसेटी मिळाल्या होत्या. त्यांत गाणी नव्हती. तबला नव्हता, पेटी नव्हती. पहिल्या कॅसेटमध्ये पाऊण तास नुसता जिनचा आवाज होता.

दादा लोहाऱ्याच्या एका जिनमध्ये वायरमन होता. कापसातून सरकी वेगळी काढतात तो कारखाना म्हणजे जिन. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीत. बाबा कचेरीत, काका कचेरीत. दादाने नागपूरला डिप्लोमा केला आणि जिनमध्ये लागला, तेव्हा बाबा आठ दिवस त्याच्याशी नीट बोलले नव्हते. संध्याकाळी तो घरी यायचा तो भुवयांपर्यंत पांढरा होऊन. आई त्याला अंगणातच उभा करून कपडे झटकायला लावायची.

हे कॅसेटचं खूळ तो नागपूरहून घेऊन आला. होस्टेलमध्ये त्याच्या खोलीत ईशान्येकडचा एक मुलगा होता. त्याच्याकडे पोस्टाने कॅसेटी यायच्या. कोणीतरी घरात बसून भरलेल्या, हाताने कव्हर केलेल्या. भांडी घासल्यासारखे आवाज, रेडिओची खरखर, उलटी चालवलेली माणसाची बोली. आतल्या कागदावर पत्ता असायचा आणि एक ओळ, की तुम्हीही काही केलं असेल तर मला पाठवा. त्या मुलाने जाताना दोन कॅसेटी दादाला दिल्या. पहिल्यांदा त्या घरी लावल्या तेव्हा आईने स्वयंपाकघरातून विचारलं, “टेप बिघडला का रे?”

दादा म्हणाला, “नाही आई. असंच आहे ते.”

“असंच आहे तर मग ऐकतो कायले?”

त्याचं उत्तर त्याने तिला दिलं नाही. मला दिलं, पुष्कळ दिवसांनी. जिनच्या बाहेर कापसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर लागले होते आणि मी त्याचा डबा घेऊन गेले होते. त्याने मला आत नेलं. चोवीस यंत्रं एकदम चालू होती. पायाखालची जमीन थरथरत होती. तो माझ्या कानाशी ओरडून म्हणाला, “दोन मिनिटं उभी राह्य. मंग तुले यातलं गाणं आयकू येईन.” मला आलं नाही. पण त्याला येत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

माझं अक्षर चांगलं म्हणून कव्हरं माझ्याकडे आली. खाकी कागद, त्यावर काळ्या शाईने नाव, खाली ‘तिसांपैकी सात’, ‘तिसांपैकी आठ’ असा नंबर, आणि पहिल्या कॅसेटला कोपऱ्यात खळीने चिकटवलेला रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, एक पुंजका. शेवटी प्रत्येक कॅसेटचे मागचे दोन कान स्क्रू ड्रायव्हरने मोडायचे, म्हणजे तिच्यावर कोणी दुसरं काही भरू शकत नाही. ते काम दादा स्वतः करायचा. मग त्या पोस्टाने जायच्या, कोलकाता, शिलाँग, बंगळूर, आणि परदेशातल्या चार-पाच पत्त्यांवर. पोस्टातल्या बाबूने एकदा विचारलं, “काय आहे यात? भजनं?”

“जिनचा आवाज,” दादा म्हणाला.

“जिनचा आवाज कोन आयकते बे?” असं म्हणून तो हसला, पण शिक्के नीट मारले.

आणि लोक ऐकत होते. पत्रं यायची. दादा ती जेवताना वाचून दाखवायचा, आणि बाबा मान खाली घालून जेवत राहायचे, पण तो थांबला की विचारायचे, “पुढे काय लिहिलंय?” दुसरी कॅसेट राजूरच्या कोळसा खाणीच्या भोंग्याची आणि वॅगनींची होती. तिसरी बाजार समितीतली. चौथी मला सगळ्यात आवडायची. लोडशेडिंगची वेळ झाली की गल्लीतले सगळे पंखे एकदम बंद पडत. ते पंखे मंदावत जाण्याचे आवाज त्याने उन्हाळाभर जमवले होते.

तोपर्यंत कापसाची वाईट वर्षं सुरू झाली होती. बोंडअळीने शेतातली उभी पऱ्हाटी खाल्ली, उरलेल्या कापसाला भाव नाही. पूर्वी दिवाळीपासून होळीपर्यंत चालणारी जिन संक्रांतीलाच थांबायला लागली. मग एका वर्षी ती सुरूच झाली नाही. मालकाने सगळ्यांना बोलावून सांगितलं, की यंदा यंत्रं विकतो आहे. दादा घरी आला आणि अंगणात उभा राहिला. आई सवयीने बाहेर आली. त्याच्या अंगावर झटकायला काही नव्हतं.

आठवडाभर तो पडून होता. मग एके दिवशी सकाळी उठून सायकलवर लोहाऱ्याला गेला आणि जिनमध्ये कामाला असलेल्या बायकांच्या घरी फिरला. कापूस ओतणाऱ्या, सरकी झाडणाऱ्या, रुई उचलणाऱ्या अशा अकरा जणी जमल्या. यंत्रं उचलायला माणसं यायची होती, त्याच्या दोन दिवस आधी, चौकीदाराला सांगून तो त्यांना बंद शेडमध्ये घेऊन गेला. मीही होते.

त्याने मध्ये रेकॉर्डर ठेवला आणि म्हणाला, “आता मशीन तं बंद आहे. तुमाले तिचा आवाज जसा याद असंन तसा तोंडानं काढा.”

बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. “अजी वायरमनभाऊ, येडे झाले का तुमी?” मग त्यांतली सगळ्यांत म्हातारी, जी एकोणीस हंगाम तिथे राबली होती, ती मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि घशातून एक खोल, दळल्यासारखी घरघर काढली. थट्टा थांबली. तिच्या शेजारणीने यंत्राच्या फिरत्या रुळांची टकटक धरली. एकीने पट्ट्याची सूंसूं. एक तरुण बाई सरकी पडण्याचा आवाज जिभेने काढत होती, अगदी हुबेहूब. अकराही जणी एका लयीत आल्या आणि थांबेचनात. वीसेक मिनिटं ते चाललं. त्या दिवशी मला पहिल्यांदा दादा म्हणायचा ते गाणं ऐकू आलं. म्हातारी थांबली तेव्हा तिचा चेहरा भिजलेला होता. मग तिनेच विचारलं, “भरलं का भाऊ?”

दादा म्हणाला, “भरलं, मावशी.”

आता मला जे सांगायचं आहे ते इथून पुढे आहे.

दादाचे कान जात होते. आम्हाला ते कळत होतं आणि आम्ही ते बोलत नव्हतो. दारावर कोणी आलं तर त्याला कळायचं नाही. हाताच्या घड्याळाचा गजर वाजत राहायचा आणि तो समोर पेपर वाचत बसायचा. मी एकदा विषय काढला तेव्हा म्हणाला, “मशीनीत राहून राहून कान भरते. उतरते मंग.” पण जिन बंद होऊन वर्ष होत आलं होतं.

त्याची पद्धत अशी, की रेकॉर्डरवरची मूळ कॅसेट मोठ्या डेकवर उतरवून एक पक्की प्रत करायची, आणि त्या प्रतीवरून बाकीच्या भरायच्या. पक्की प्रत झाली की मूळ कॅसेट पुसून पुन्हा वापरायची. कोऱ्या कॅसेटी मिळणं अवघड झालं होतं, सगळीकडे सीडी आल्या होत्या. बायकांच्या आवाजाची पक्की प्रत त्याने एका दुपारी केली आणि मला हाक मारली. हेडफोन काढून स्पीकर लावला. तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. कित्येक आठवड्यांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

पहिल्याच सेकंदाला मला ती शिट्टी ऐकू आली. डेकच्या मोटरीत काही बिघडलं असावं. सुई टोचावी तशी बारीक, न थांबणारी चींऽऽ. बायकांचे आवाज तिच्या मागे होते, आणि त्यांच्यापर्यंत जायचं तर आधी ती सोसावी लागत होती. मी दादाकडे पाहिलं. तो लयीवर मान हलवत होता.

“कसं झालं?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, “चांगलं झालं.”

मूळ कॅसेट तेव्हा टेबलावरच होती. स्वच्छ होती. तीन दिवस ती तिथे होती. त्या तीन दिवसांत मी कधीही म्हणू शकत होते, की दादा, डेक दुरुस्त कर आणि पुन्हा उतरव. पण शिट्टी आहे म्हणणं म्हणजे तुला ऐकू येत नाही म्हणणं होतं. नोकरी गेलेल्या माणसाला ते कसं म्हणायचं? उद्या सांगू, असं मी तीन वेळा ठरवलं. चौथ्या दिवशी त्याने त्या मूळ कॅसेटवर गल्लीतल्या पिंजाऱ्याच्या तारेचा आवाज भरून आणला.

पस्तीस प्रती झाल्या. मी पस्तीस कव्हरं लिहिली. अकरा त्या बायकांना दिल्या. महिन्याभराने म्हातारी मला भाजीबाजारात भेटली. माझा हात धरून बाजूला नेत म्हणाली, “पोरी, राग नको मानू. आमच्या जवाईबापूच्या टेपवर लावली व्हती. त्यात थे काय चीं चीं वाजते वं सारखं? आमचा आवाज धड समजतच नाही.”

मी तिला म्हटलं, “तशीच असते ती, मावशी. मुद्दाम केलंय. पण दादाला नका बोलू.”

तिने माझा हात सोडला. मग म्हणाली, “बरं बाई.” आणि तिने ते पाळलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात परदेशातून पत्र आलं. मी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. दादा पायरीवर उभा राहून वाचत होता. वाचता वाचता त्याच्या कपाळाला आठी पडली.

“हा लिहिते,” तो म्हणाला, “का बायकांच्या आवाजावरून जे बारीक शिट्टी तुम्ही ठेवली, थे फार धाडसाची आहे. कशी काढली म्हणून विचारून राह्यला.” मग माझ्याकडे वळला. “कोनती शिट्टी वं?”

मी शेंग सोलत राहिले. त्याने आत जाऊन कॅसेट लावली. आवाज पूर्ण वाढवला आणि स्पीकरला कान टेकवून बसला. मी दारात जाऊन उभी राहिले.

“आत्ता आहे का?”

“हो, दादा.”

त्याने दुसरा कान लावला. “आत्ता?”

“हो.”

तो टेप संपेपर्यंत तसाच बसला. बटण आपोआप वर आलं तेव्हा म्हणाला, “तुले पह्यल्याच दिवशी आयकू आली होती?”

मी मान हलवली.

“मंग सांगतलं काहून नाही?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“माह्या कानाचं जाऊ दे,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. “थे तं जाऊनच राह्यले होते. पन त्या बायका गेल्या ना वं.”

दुसऱ्या दिवशी तो लोहाऱ्याला गेला, रेकॉर्डर घेऊन. अकरापैकी सहा जणी सापडल्या. बाकीच्या कोणी वीटभट्टीवर, कोणी मुलीकडे, कोणी कुठे. शेडमध्ये आता कोणाचातरी सिमेंटचा साठा होता, म्हणून म्हातारीच्या अंगणात बसले. तिने डोळे मिटले. थोडी घरघर काढली, थांबली, परत काढली. शेवटी म्हणाली, “नाही येत भाऊ आता. दोन हंगाम झाले, कानात राह्यलाच नाही थो.” तरुण बाईने जिभेने सरकीचा आवाज करून पाहिला. एकटाच तो फार वेळ चालला नाही. मग म्हातारीने चहा केला आणि सगळ्यांनी तो प्यायला.

दादाने त्या परदेशी माणसाला उत्तर लिहिलं, की शिट्टी मी काढलेली नाही, मला ती ऐकू येत नाही. त्यानंतर त्याने कॅसेट काढली नाही. माझ्यावर तो कधी रागावला नाही. रागावला असता तर मला काही म्हणता आलं असतं. तो फक्त मला काही विचारेनासा झाला. पूर्वी कव्हरचा रंग, नावातला शब्द, सगळं विचारायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा कसा वाटला हे मीच त्याला विचारलं. तो म्हणाला, “तुले बरा वाटला ना? मंग झालं.”

आता तो केळापूरजवळ राहतो. जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देण्याचं दुकान आहे. बायको आहे, एक मुलगी आहे. कानाचं यंत्र घेतलंय, पण ते बहुतेक खिशातच असतं. गेल्या दिवाळीला मी गेले होते. वहिनी मुलीला घेऊन बाजारात गेली होती. दादा ओसरीत तांब्याच्या तारेचं वेटोळं सोडवत बसला होता. मी त्याच्याजवळ बसले. इतक्या वर्षांत जे म्हणायचं राहिलं होतं, ते सरळ म्हटलं, “दादा, मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं.”

त्याने वर पाहिलं. माझ्या ओठांकडे क्षणभर पाहिलं.

“च्या?” तो म्हणाला. “ठेव ना. मीबी घेतो अर्धा कप.”

त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं, ते मला कळलं नाही. यंत्र घाल, असं खुणेने सांगता आलं असतं. मी उठले, आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं.