कोष्टकातली भरती आणि कासाचं पाणी

दोर ओढताना हाताला वजन लागेना. साठ फूट दोर भराभर वर आला आणि त्याचं ओलं टोक हातात राहिलं. त्या टोकाला सदा पेडणेकर असायला हवा होता. तो नव्हता.

टोक नीट पाहिलं. दोर तुटला नव्हता, कापला गेला नव्हता. गाठ हाताने सोडलेली होती. म्हणजे गाठ सोडताना तरी सदा शुद्धीवर होता. घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली होती. तो पाण्यात उतरून एकोणीस मिनिटं. त्याच्या पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा आणखी फार तर दहा मिनिटं पुरणार होती.

आणि हे सगळं कामावर नव्हे, सुट्टीवर चाललं होतं.

मी आणि सदा मुंबईच्या गोदीत डायव्हर होतो. पाणबुड्या म्हटलं की लोक मोत्यांबद्दल विचारतात. मोती मी सराफाच्या दुकानातच पाहिले. आमचं काम म्हणजे जहाजाचा तळ तपासायचा, पाण्यात पडलेली साखळी शोधायची, गोदीच्या दरवाजात काय अडकलंय ते चाचपडून सांगायचं. अंगात जाड रबरी ड्रेस, डोक्यावर तांब्याचं हेल्मेट, पायात शिशाच्या तळव्यांचे बूट. हवा वरून पाइपातून पंपाने यायची. कंबरेला एक दोर असायचा. त्याचं दुसरं टोक धरून वर जो उभा राहतो, तो अटेंडंट. बोलणं त्या दोरावरूनच. एक हिसका म्हणजे मी ठीक आहे. चार हिसके म्हणजे मला वर ओढा.

मी मूळचा माणगावकडचा, भातशेतीवाल्या घरातला. आमच्याकडे पाणी म्हणजे गुडघाभर चिखल. मी समुद्राच्या तळाशी नोकरी करतो हे आईला कधी खरं वाटलं नाही. तिची समजूत अशी की मी कुठेतरी कारकून आहे आणि थापा मारतो.

ही गोष्ट साठ-एकसष्ट सालची. आमच्या वर्कशॉपमधला फिटर फर्नांडिस याने एका परदेशी जहाजाच्या इंजिनिअरकडून ॲक्वालंगचा सेट मिळवला. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. हेल्मेट नाही, पाइप नाही. सोबत एक इंग्रजी मासिकही मिळालं होतं. त्यात कुठल्याशा बेटाजवळ हसऱ्या चेहऱ्याची माणसं रंगीत माशांमधून पोहत होती. आमची उमर गोदीच्या काळ्या पाण्यात गेलेली. मासा आम्हाला ताटातच भेटायचा. सदा ते मासिक आठवडाभर उशाशी घेऊन झोपला. "आपल्याकडे पण बेटं आहेत की," तो म्हणाला. त्याचं बोलणं खरं होतं. मुरूडसमोर कासा किल्ला भर समुद्रात, खडकाच्या बेटावर उभा आहे.

जानेवारीत पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं. आम्ही तिघांनी रजा टाकली. सदाची बायको सुमनवहिनी तेव्हा बाळंतपणाला माहेरी निघाली होती. जाताना तिने मला दारात थांबवलं. "भाऊजी, हे उतावळे आहेत. दोर तुमच्याच हातात ठेवा." मी हो म्हणालो. डायव्हरच्या बायकोला असा शब्द द्यायचा म्हणजे थट्टा नसते.

रेवदंड्याच्या खाडीवर आम्ही सिलिंडर घेऊन तरीत चढलो, तेव्हा तरवाला लांब सरकला. "बांब हाय का काय ह्यो?" फर्नांडिस म्हणाला, "नाही बाबा, हवा आहे." तरवाल्याने आमच्या तिघांकडे पाहिलं. मुंबईहून हवा घेऊन येणारी माणसं त्याने पहिल्यांदाच पाहिली असावीत.

मुरूडला आम्हाला धर्मा तांडेल भेटले. तांडेल म्हणजे होडीचा मुखत्यार. साठीचे, काटक, कमी बोलणारे. त्यांनी सामान पाहिलं, चार प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, "कवा उतरनार?"

"रविवारी," मी म्हणालो.

"रविवार न्हवं. तीथ कंची?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तिथी तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हती. धर्माकाकांनी बोटांवर मोजलं. "रविवारी अवस हाय. उधानाचं पानी. अष्टमीला या. तवा भांग असतो, पानी गरीब असतं."

उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी, पाणी जोरात धावतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ते सुस्त असतं. कोळ्यांचं सगळं वेळापत्रक यावर चालतं.

"आमची रजा सोमवारी संपते, काका."

"बरं. दर्याला अर्ज दिलाय ना तुमी?"

आम्ही हसलो. माझ्या खिशात भरती-ओहोटीचं छापील कोष्टक होतं. त्यात रविवारची भरती दुपारी बाराची होती. माझा हिशेब सरळ होता. भरती पुरी झाली की पाणी थोडा वेळ उभं राहतं. बाराला पंधरा मिनिटं कमी असताना उतरायचं, सव्वाबाराला वर यायचं.

या हिशेबातली खोच आता सांगतो. गोदीला दरवाजे असतात. ते बंद झाले की आतलं पाणी विहिरीसारखं स्तब्ध. आम्ही कोष्टक पाहायचो ते दरवाजे कधी उघडणार हे कळायला. म्हणजे पाणी किती वर येणार, एवढंच आम्ही त्याला विचारत आलो होतो. पाणी कुठे धावतं हा प्रश्न आमच्या कामात कधी आलाच नव्हता. बारा वर्षं समुद्राच्या पोटात काम करूनही आम्ही विहिरीतलीच माणसं होतो.

रविवारी कासाच्या पश्चिम अंगाला नांगर टाकला. पाणी वरून अगदी शांत. धर्माकाकांनी एका बारीक दोरीला धोंडा बांधून खाली सोडला आणि ती दोरी मला दाखवली. ती सरळ खाली जात नव्हती. समुद्राकडे तिरकी झाली होती.

"वर निजलंय, खाली चालतंय," ते म्हणाले. "कासापाशी पानी खालून आदी फिरतं. आज नको."

मी कोष्टक काढून बोट ठेवून दाखवलं. काकांना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी आदराने तो कागद पाहिला. "छापलंय मंजी खरंच असंल," म्हणाले. पुढे वाद घातला नाही. फक्त नांगराच्या दोराला त्यांनी एक लाकडी बोया, म्हणजे जाळं तरंगत ठेवायचा ठोकळा, बांधून ठेवली. मला वाटलं, म्हातारा माणूस, असते सवय.

सदा उतरला. एक हिसका आला. मी एक परत दिला. मग दोर हळूहळू समुद्राकडे ताणला गेला. सदा तिकडे पोहत असेल असं मी समजलो. मग दोर घट्ट झाला. मी हिसका दिला, उत्तर नाही. पुन्हा दिला, उत्तर नाही. आणि मग तो एकदम सैल पडला.

फर्नांडिसने "जेजू!" म्हणून कपाळावर हात मारून घेतला. मी शर्ट काढायला लागलो. सेट एकच होता, तो सदाच्या पाठीवर. मी नुसता उडी मारणार होतो. माझ्या हातात दोर रिकामाच आला होता, आणि सुमनवहिनीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

धर्माकाकांनी माझं मनगट धरलं. त्या सुक्या हातात केवढा जोर होता!

"एक गेला तो पुरे. दोघांना हुडकायला माझं डोले दोनच हायेत."

"मग काय करायचं?"

"हितनं निघायचं."

हे ऐकून फर्नांडिस भडकला. आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की डायव्हर खाली असताना बोट जागची हलवायची नाही. तो वर आला की त्याला बोट तिथेच दिसली पाहिजे. फर्नांडिस ओरडला, "बोट हलवायची नाही! रूल आहे!"

"तुमचा धक्का हलत न्हाय. दर्या हलतो," काका शांतपणे म्हणाले आणि त्यांनी नांगराचा दोरच पाण्यात सोडून दिला. दोराला बांधलेली बोया जागेवर तरंगत राहिली. "हितंच वर आला तं हिला धरून ऱ्हाईल." सकाळची ती म्हाताऱ्याची सवय मला तेव्हा समजली.

मग त्यांनी दुसरी बोया घेतली, तिला एक धोंडा बांधला आणि होडीच्या कडेला बुडवून पाहिली. बोया जास्त वर राहिली. त्यांनी धोंडा सोडला, मोठा बांधला. पुन्हा बुडवून पाहिली. माझा धीर सुटला. "काका, हा काय खेळ मांडलाय!"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "वारं गावाकडं, पानी भाएर. हलकी बोया वाऱ्यासंगं जाईल. मानूस पान्यासंगं जातो." आता बोया दोन बोटंच पाण्यावर दिसत होती. "पान्यात मानूस एवढाच दिसतो," असं म्हणून त्यांनी ती सोडून दिली.

आणि ती बोया चालू लागली. वारा आमच्या तोंडावर होता, लाटा किनाऱ्याकडे जात होत्या, आणि ती सगळ्यांच्या विरुद्ध, खुल्या समुद्राकडे निघाली. मी असतो तर सदाला किनाऱ्याच्या बाजूला शोधत बसलो असतो. आजही मला खात्री आहे, मी संध्याकाळपर्यंत तिकडेच शोधत बसलो असतो.

फर्नांडिस आणि मी वल्ही मारत होतो. काका मागे सुकाणूवर उभे. किल्ला लहान होत गेला. सव्वाबारा झाले, साडेबारा झाले. सिलिंडर केव्हाच रिकामं झालं असणार. उन्हाच्या चमकेत बोया दिसेनाशी झाली. मी वल्हं थांबवलं.

"हाना, हाना," काका म्हणाले. "बोया आता नको. त्यो बगा वल."

पुढे पाण्यावर एक लांब पट्टा दिसत होता. दोन प्रवाह भेटतात तिथे फेस आणि कचरा जमतो, त्याला ते वळ म्हणत. "आमच्या सुटलेल्या बोया हितंच गावतात. तुमचा दोस्त बी गावंल."

गावला. फेसात, नारळाच्या सोडणांच्या आणि वाळक्या पानांच्या घोळक्यात सदा उताणा तरंगत होता. काच कपाळावर चढवलेली, ओठ निळे. आम्हाला पाहून त्याला हात वर करायलाही जमलं नाही. आम्ही त्याला होडीत ओढायला लागलो तर तो वर येईना. पाहतो तर कंबरेला शिशाचा पट्टा तसाच! हा पट्टा बुडायला मदत व्हावी म्हणून असतो, आणि संकटात सर्वांत आधी तोच टाकायचा असतो.

"गाढवा, बेल्ट का नाही सोडलास?" फर्नांडिस किंचाळला.

सदाचे दात वाजत होते. "गोदीचा आहे तो. हरवला असता तर मेमो मिळाला असता."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो, मघाशी काढलेल्या शर्टाने त्याचं तोंड पुसत राहिलो. मला त्या दिवशी जेवढी भीती वाटली तेवढी पुढच्या सगळ्या नोकरीत वाटली नाही.

सदाने मग सांगितलं. खाली पाण्याने त्याला ओढलं, दोर कालवं चिकटलेल्या खडकाला वेढा घालून बसला. त्याने चार हिसके दिले, पण ते खडकापाशीच मेले. शेवटी त्याने गाठ सोडली. वर आला तेव्हा होडी दोन शेतं लांब दिसत होती. तो ओरडायला गेला की लाटेचं पाणी तोंडात जायचं.

"आणि मासे?" फर्नांडिसने विचारलं.

"माझाच हात दिसला. तोही हिरवा."

परतताना वाटेत धोंडा बांधलेली ती बोया दिसली. सदा सापडला तिथून शंभरेक हातांवर. काकांनी ती उचलली, धोंडा सोडून पाण्यात टाकला, बोया पुसून जागेवर ठेवली. मग कासापाशी जाऊन नांगर काढला. जाळं टाकून परत आल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

संध्याकाळी त्यांच्याकडे भात आणि बोंबलाचं कालवण जेवताना मी विचारलं, "काका, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"सुटलेल्या जाल्यांनी," ते म्हणाले. "एक जालं सुटलं का चार दिस हुडकायचं. मंग कलतं पानी कुटं जातं." आणि माझ्या ताटात आणखी भात वाढायला त्यांनी बायकोला खूण केली.

मंगळवारी कामावर गेल्यावर मी सगळी हकिगत आमचे सुपरिंटेंडंट सोराबजी साहेब यांना सांगितली. लपवण्यात अर्थ नव्हता, सदा तापाने घरी पडला होता. साहेब पारशी, जुने डायव्हर, आवाज कप्तानासारखा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता रूल बुक निघणार.

"ते होडीवर सुपरवायझर कोन होता?" त्यांनी विचारलं.

"मी, सर. दोर माझ्या हातात होता."

"नाय," साहेब म्हणाले. "सुपरवायझर ते तांडेल होता. तू पॅसेंजर होता."

पुढे मी सुपरवायझर झालो. गोदीच्या दरवाजाबाहेरची कामंही केली, बऱ्याच बंदरांत. कोष्टक नेहमी खिशात असायचं. ते कधी चुकलं नाही. त्या रविवारीही भरती बारालाच पुरी झाली होती, मी नंतर ताडून पाहिलं. पण नव्या किनाऱ्यावर गेलो की मी आधी वस्तीत चौकशी करायचो, इथला तांडेल कोण. आणि तो भेटेपर्यंत माझ्या एकाही माणसाला पाण्यात उतरू दिलं नाही.