जॅकेटच्या अस्तरावरचे बारा शब्द

मी श्रीरामपुरात घरीच भरतकाम करते. ब्लाउज, रुमाल, उशीचे अभ्रे. आमच्या भागात ख्रिस्ती घरं पुष्कळ, त्यामुळे लग्नाच्या अभ्र्यांवर इंग्रजी नावं आणि प्रार्थनेच्या ओळी काढायचं काम वर्षभर असतं. इंग्रजी मला वाचता येत नाही. मी चौथीत शाळा सोडली. पण अक्षर समोर असलं की वेलबुट्टीसारखं जसंच्या तसं उतरवते.

गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझ्या थोरल्या जावेचं. तिला मी अक्का म्हणते. ती शेजारच्या खोलीत राहते. मोठे दीर वारल्यापासून एकटीच आहे. मी फारसं बोलत नाही म्हणून मला ती मुके अशी हाक मारते, आणि मी ओ देते.

गावात एकानं कॉइनचं ऑफिस काढलं होतं. पैसे भरले की कॉइन मिळायचे आणि मोबाईलवर त्यांचा भाव चढताना दिसायचा. अक्कानं दिरांच्या विम्याचे सगळे पैसे त्यात घातले. चांगलं काही सापडलं की तिला ते एकटीनं ठेवता येत नाही. गल्लीतल्या बायकांनाही तीच घेऊन गेली. मला त्या ऑफिसचा जिना चढायची लाज वाटली, म्हणून माझे तेवढे वाचले.

एकदा तो कॉइनवाला स्वतः माझ्या दारात आला. अक्का बाजारात गेली होती. त्यानं नवं जॅकेट आणलं होतं आणि एक कागद. जॅकेटच्या बदामी अस्तरावर, आतल्या बाजूनं, बारा इंग्रजी शब्द काढायचे होते. तीन ओळी, ओळीत चार.

"प्रवासात देवाचं नाव जवळ असावं, मावशी," तो म्हणाला. "शब्द इकडचा तिकडं करू नका. आणि कुणाला दाखवायचं नाही, नवस आहे."

मला त्यात नवल वाटलं नाही. असली कामं येतात. जॅकेट न्यायला आला तेव्हा त्यानं कागद मागून घेतला आणि माझ्या शेगडीवर जाळला. हसला आणि म्हणाला, "तुमच्याकडं आलो तेच बरं. शिकलेल्या बाईनं शंभर प्रश्न विचारले असते."

दिवाळीनंतर ऑफिसला कुलूप लागलं. कॉइनवाला पळाला. लोक अक्काच्या दारात आले. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण तिनं दलाली खाल्ली असं गल्ली बोलायला लागली, ते तिला सहन होईना. पिठाच्या गिरणीवाल्या बाईनं तर दळण परत पाठवलं. "आधी सांग, तुझा वाटा किती हुता? मग दळीन." अक्का घराबाहेर पडेनाशी झाली. दोन घास पुढं ठेवले तर म्हणायची, "चोराच्या घरी कशाला जेवन देतीस?" ती उठून गिरणीपर्यंत पुन्हा ताठ मानेनं जावी, एवढंच मला हवं होतं.

पुढे तो पकडला गेला. जबाबाला पैसे भरलेल्या सगळ्यांना नगरला बोलावलं, अक्काच्या सोबतीला मी गेले. एसटीत बायका पुढे बसल्या, आम्ही दोघी मागे. कुणी आमच्याकडे वळून पाहिलं नाही.

सायबर पोलिसांच्या ऑफिसात एक मॅडम होत्या. त्यांनी आम्हाला नीट समजावलं. लोकांचे पैसे त्यानं आधी चार-पाच जणांच्या खात्यांतून फिरवले होते, म्हणजे कुठून आले ते कळू नये, आणि मग त्या पैशांचे दुसरे, खरे कॉइन घेऊन ठेवले होते. "बँकेत असते तर एका पत्रावर थांबवले असते. याला बँक नाही. ते कॉइन ज्यात आहेत ते पाकीट आम्हाला संगणकावर दिसतंय, पण उघडायला बारा इंग्रजी शब्द लागतात. तो म्हणतो, विसरलो. घरात एक जॅकेट सापडलं, त्याचंही अस्तर ओरबाडून काढलेलं."

मी म्हणाले, "माझ्याकडं हायेत." कुणाला ऐकू गेलं नाही. मॅडम दुसऱ्या कागदाकडे वळल्या.

अक्का उभी राहिली. "ओ मॅडम, थांबा की! आमची मुकी बोलतीया!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत सांगून टाकलं. अस्तर मीच भरलं. कागद त्यानं जाळला, पण खाका माझ्याकडे आहे.

खाका म्हणजे काय हे मॅडमना सांगावं लागलं. पातळ कागदावर नक्षी उतरवायची, रेघेवरून सुईनं बारीक भोकं पाडायची, तो कागद कापडावर ठेवून वरून निळीचा बोळा फिरवायचा. भोकांतून ठिपके कापडावर उतरतात आणि त्यांवरून टाका घालायचा. एक खाका कित्येक वर्षं चालतो. थोरलीसारखाच अभ्रा धाकटीच्या लग्नात मागतात, म्हणून मी एकही टाकत नाही. त्या माणसाला भरतकामातलं काही ठाऊक नव्हतं. कागद जाळला की झालं, असं त्याला वाटलं.

मॅडमनी लगेच गाडी आणि एक महिला पोलीस दिली. वाटेत अक्का म्हणाली, "त्याचं काम केलंस आन् मला बोलली न्हाईस?"

"नवस म्हणाला."

"नवस! अगं, मला सांगितलं असतंस तर आख्ख्या गावाला पाठ झाले असते ते शब्द!"

महिला पोलीस तोंडावर हात ठेवून हसली. त्या दिवसांत अक्काच्या तोंडून निघालेली ती पहिली थट्टा होती.

माझे खाके पत्र्याच्या डब्यात गुंडाळून असतात. हवा तो तिसऱ्या गुंडाळीत निघाला. पेन्सिलीच्या रेघा पुसल्या होत्या, नुसती भोकं उरली होती. उजेडात धरलं तर एक अक्षर दुसऱ्यात घुसल्यासारखं दिसायचं. म्हणून मी नीळ, बोळा आणि एक पांढरा अभ्राही पिशवीत टाकला. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून मी नीळ डिझेलमध्ये कालवते, ती बाटलीही घेतली.

नगरला पंच बोलावले, कॅमेरा लावला. मॅडमच्या टेबलावर मी अभ्रा पसरला, खाका ठेवला, चारी कोपऱ्यांवर त्यांचेच पेपरवेट ठेवले. खोलीभर डिझेलचा वास सुटला. मग बोळा फिरवला. ते काम माझं होतं. कागद उचलला, तर बारा शब्द निळे, सुटे, स्वच्छ.

संगणकावर बसलेल्या हवालदारानं एकेक शब्द बघून टाइप केला. बारावा टाकल्यावर तो जोरात म्हणाला, "मॅडम, उघडलं!"

त्याच दिवशी सगळे कॉइन सरकारी पाकिटात गेले. पैसे हातात यायला कोर्टाचा हुकूम व्हावा लागला, पुष्कळ महिने गेले, पण ते आले. अक्काचेही आले, गल्लीचेही. मॅडमनी त्या संध्याकाळीच सांगितलं की फिरवलेल्या पैशांची सगळी वाट त्यांनी तपासलीय. अक्काच्या खात्यात बाहेरून एक रुपया आलेला नाही, तिचं नाव फसलेल्यांच्या यादीत आहे.

परतीच्या एसटीत गल्लीतल्या आम्ही दोघीच होतो, बाकीच्या बायका दुपारीच गेल्या होत्या. अक्कानं गिरणीवालीला फोन लावला, आवाज मोठा करून. "माझ्याकडनं ऐकू नको, मी चोर हाय. हिच्याकडनं ऐक." आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

मी बोलले. सुरुवातीपासून, अस्तरापासून. पलीकडे गिरणी बंद केल्याचं ऐकू आलं. गाडीतली माणसंही कान देऊन ऐकू लागली. मी पाकीट उघडल्यापर्यंत आले आणि श्वास घ्यायला थांबले, तेव्हा कंडक्टर माझ्या सीटपाशी आला.

"ताई, आटपा जरा," तो म्हणाला. "राहुरी आली, आन् गाडीतनं कुणी उतरंना."