आप्पांचं दुकानातलं कन्नड

"आई गेली गं, माले..." आप्पा फोनवर एवढंच बोलले. मी शिकवते त्या निपाणीच्या शाळेत मधली सुट्टी झाली होती आणि मी नुकताच डबा उघडला होता. हॉस्पिटलातून सुखरूप घरी आलेली आई दुपारच्या झोपेतच अशी निघून जाईल, असं मनातही आलं नव्हतं. बस धरून बेळगावला, शहापुरातल्या आमच्या बोळात पोचले, तेव्हा दाराशी चपला साचल्या होत्या. आप्पा आईच्या उशाशी बसून होते. डोळे कोरडे. मला बघून म्हणाले, "जेवून निजली, बघ. चांगलं दोन घास जास्तच जेवलती आज."

आता या गोष्टीला काही आठवडे झालेत. आईचा विचार करताना मला तिचं बोलणंच आठवत राहतं.

आई गोकाककडची, कन्नड घरातली. आप्पा इथल्या एका साडीच्या दुकानात गादीवर बसून साड्या दाखवायचे आणि आईचे वडील त्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. साड्या उलगडणारा हा निर्व्यसनी पोरगा त्यांनी जावई म्हणून हेरला. जात एक, भाषा दोन. आमच्या आजीला कन्नडचा गंध नव्हता, त्यामुळं नव्या नवरीलाच मराठी शिकावं लागलं. चुलीपुढं ऐकत ऐकत ती इतकी शिकली की पुढं गल्लीतल्या बायका उखाणे जुळवून घ्यायला तिच्याकडं यायच्या. फक्त रागावली की तिचं व्याकरण सुटायचं. "तो खिडकी लाव गं आधी!" म्हणायची आणि मी हसत सुटायचे. मग तिचा रागही पळायचा. कन्नड ती बोलायची ते फक्त धाकट्या बहिणीशी, म्हणजे माझ्या मावशीशी. फोन घेऊन परसात जायची आणि तिकडून तिचा वेगळाच, पोरीसारखा आवाज यायचा... आप्पा आणि मावशी यांच्यातलं बोलणंही आईच्याच तोंडून चालायचं. मावशीला मराठी मोडकंतोडकंच येई, आप्पांना कन्नड गिऱ्हाइकापुरतं.

यंदा भाजी चिरता चिरता तिच्या हातातली जुडी विळीवरून निसटली आणि ती उजव्या अंगावर कोसळली. अर्धांगाचा झटका. हॉस्पिटलात जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. मी रजा टाकून तिच्याजवळ राहिले. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, नाचणीची घट्ट आंबील चमच्यानं भरवायची. हनुवटी खाली धरून, नाहीतर ठसका लागायचा. हळूहळू तिच्या तोंडून शब्द फुटायला लागले, तेव्हा मला रडूच आलं आनंदानं. पण ते शब्द कन्नड होते. मराठी एकही नाही. माझं नावसुद्धा तिला सापडेना. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधीकधी. शिकलेली भाषा जाते, लहानपणची राहते. कधी उलटंही होतं. वाट बघायची."

शाळेत मार्कांपुरतं शिकलेलं माझं कन्नड तिच्या अडखळत्या, ओघळलेल्या बोलण्यापुढं टिकेना. सकाळी डॉक्टरांचा घोळका आला की ती कासावीस व्हायची. "सेर... सेरग..." मला ऐकू यायचं 'सरक'. मी तिला सरकवायचे, आया सरकवायची. तिच्या डोळ्यांतून पाणी. पुन्हा तेच. एकदा आप्पा डबा घेऊन आत आले, तेव्हा हेच चाललं होतं. त्यांनी डबा खाली ठेवला, क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, "अगं, पदर मागालीय ती! सेरग म्हंजे पदर. दुकानात रोज ऐकतोय की मी." हॉस्पिटलच्या त्या झग्याला कुठला पदर? आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि तिच्या डोक्यावरून छातीपर्यंत नीट पांघरला. आई शांत झाली. जन्मभर परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू न दिलेली बाई ती...

त्या दिवसापासून आप्पा तिच्याशी कन्नडमध्ये बोलू लागले. पण त्यांचं कन्नड सगळं दुकानातलं. "बर्री, कुंद्री, नोड्री." या, बसा, बघा. आयुष्यभर जिला "अगं ए" म्हटलं, तिच्यापुढं आंबिलीचा चमचा धरून ते म्हणायचे, "स्वल्प तगोळ्री." थोडं घ्या! एकेरीत कसं बोलायचं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पहिल्यांदा आईनं डोळे मोठे करून पाहिलं आणि मग तिचं अर्धं तोंड हसलं. झटक्यानंतरचं तिचं ते पहिलं हसू.

घरी सोडायची वेळ आली, तेव्हा गोकाकहून मावशी आली. तिचं म्हणणं सरळ होतं. "भाऊजी, तिला आमच्याकडं पाठवा. घरात सुना हाईत. तिचं बोलणं आमाला कळतंय. हितं कोण हाय?" मी निपाणीला, आप्पा एकटे. मला तिचं पटत होतं. शिवाय आई दिवसभर "मनिगे, मनिगे" करत होती. घरी, घरी. त्या भाषेतलं घर म्हणजे माहेरच असणार, असं मी धरून चालले होते. आप्पा उठून कॉटजवळ गेले आणि वाकून त्यांनी आईलाच विचारलं, "यार मनी?" कुणाचं घर?

आईनं डावा हात उचलला. हवेत थोडा चाचपडला तो... आणि आप्पांच्या सदऱ्याची बाही तिनं मुठीत धरली. "नम्म मनी." आपलं घर.

मावशीनं पदर डोळ्याला लावला. "न्या भाऊजी," म्हणाली, "तुमीच न्या."

मग ती शहापुरातच राहिली, शेवटपर्यंत. मराठी परत आलं नाही. माझं नाव मात्र एका रविवारी अचानक आलं, तेवढंच.

आता मावशी रोज संध्याकाळी आप्पांना फोन करते. मधलं माणूस गेलं, तेव्हा दोघांना थेट बोलणं भाग पडलं. परवा मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि आप्पा परसात उभे राहून तिच्याशी बोलत होते. आईचंच काहीतरी. मी कान दिला. आईला काय आवडतं, आई कशी रागावते, सगळं आत्ता चालू असल्यासारखं. दुकानातल्या कन्नडात 'आहे' आणि 'नाही' एवढंच लागतं. 'होतं', 'होती' त्यांना येतच नाही. "अदाळ," आप्पा म्हणत होते. "मन्याग अदाळ." आहे. घरात आहे.

पलीकडून मावशीनं त्यांना दुरुस्त केलं नाही. मीही नाही. भाकरी तव्यावर टाकली.