मुंबईच्या गिटारीला मी पोट कोरलं

लाकडातलं मला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या शहादा तालुक्यात कोणाला कळत नाही. नुसतं बोटानं ठोकून सांगेन, साग धडगावकडचा आहे की नवापूरकडचा. आता आमच्या घराचं दार मीच केलंय आणि ते पावसाळ्यात उघडत नाही अन् उन्हाळ्यात लागत नाही, ही गोष्ट वेगळी. पाहुणे खिडकीतूनच रामराम करतात. तर याच अकलेनं मी एकदा काय करून ठेवलं ते ऐका. चहा गार झाला तर दुसरा सांगतो. शिव्या मला पडतील, तुम्हाला नाही.

साठ सालानंतरच्या दिवसांतली गोष्ट. शहाद्यात हिरामण मास्तरचा बँड होता आणि त्या बँडचा मी मिस्तरी. ढोलाचं खोड फुटलं, पेटीचा भाता फाटला, की मास्तर माझ्या दारात. म्हणजे खिडकीत. तापीकाठच्या एका गुजर पाटलाच्या घरातलं प्रत्येक लग्न मास्तरनंच वाजवलेलं. पण या वेळी मुलगी सुरतेला दिली होती, आणि सुरतवाल्यांनी निरोप धाडला की आमचा बँड आम्ही आणू, त्यात विजेवर वाजणारी गिटार आहे.

पाटील भला माणूस. तो मास्तरला म्हणाला, "तुमच्याकडे तशी गिटार आली, तर मांडव तुमचा. नाही आली, तर पाहुण्यांना मी नाही कसं म्हणू?"

मास्तरची जेवणावरची वासना उडाली. हे एक लग्न हातचं गेलं की तापीकाठची सगळी जाणार, हे त्याला कळत होतं. त्याचा भाचा छगन सुरतेत गिटार वाजवायचा. त्याच्या ओळखीनं एका दुकानदाराकडून दोन गिटारी चार दिवसांच्या बोलीवर आल्या. एक कलकत्त्याच्या कारखान्याची, दुसरी मुंबईच्या. दोन्ही कारखान्यांचं म्हणे सासू-सुनेसारखं पटायचं. एक ठेवायची, एक परत पाठवायची. छगन गिटारीचा आवाज मोठा करणारं मशीन घेऊन दोन दिवसांनी येणार होता.

"कारागिरी तू बघ," मास्तर म्हणाला. "माले फक्त वाजाडता येस. लाकूड तुन्हं काम."

झालं. मला एवढंच पाहिजे असतं.

आधी कलकत्तेवाली घेतली. काय काम होतं सांगू! पोट पोकळ, वरची फळी पापडासारखी, दोन्ही बाजूंना वळणदार भोकं अशी कापलेली की करवतीचा दात कुठं लागला ते दिसू नये. ठोकली, तर भाजलेल्या माठासारखी बोलली. मी मान डोलावली.

मग मुंबईवाली. पॉलिश असं की त्यात बघून दाढी करावी. मानेचा सांधा असा की नख घालायला जागा नाही. पट्ट्या अशा घासलेल्या की हात फिरवला तर लोण्यावरून फिरल्यासारखा. मी म्हटलं, वा रे कारागीर! आणि ठोकली. ठप्प. पुन्हा ठोकली. ठप्प. आतून सगळी भरीव, जात्याच्या तळीसारखी जड. भोकबिक काही नाही.

आता तुम्हीच सांगा, मी जन्मभर काय पाहिलं? ढोल पोकळ, पेटी पोकळ, तंबोरा पोकळ, आमचा सरपंच पोकळ. वाजणारी वस्तू भरीव असते हे कोणत्या शाळेत शिकवतात? मी तर चौथीतून पळालेला. मला वाटलं, बिचारा मुंबईवाला. एवढा हात चालणारा माणूस, पण शेवटी कंटाळला आणि पोट कोरायचं ठेवूनच दिलं. एवढं एक काम कोणी पुरं केलं, तर ही कलकत्तेवालीच्या थोबाडीत मारील.

कोणी म्हणजे कोण? मीच ना.

बायको म्हणाली, "दुसऱ्याची वस्तू आहे. विचारलं का मास्तरला?"

"सांगून केली तर गंमत काय?" मी म्हणालो. "मास्तर ठोकून बघेल नि तोंडात बोट घालेल."

दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. मागून गिरमिटानं भोकं पाडली, पटाशीनं कोरत गेलो, विजेच्या तारांचं जंजाळ होतं तेवढा मधला भाग सोडला. मागं पातळ सागाची फळी सरसानं बसवली, लाखेचं पॉलिश मारलं. मुंबईवाला आला असता तरी त्यानं आपलंच काम म्हणून पाठ थोपटून घेतली असती.

मास्तर आला. मी मुंबईवाली पुढं केली आणि म्हटलं, "ठोक."

त्यानं ठोकली. टण्ण.

"अरे, हाई ते बोली ऱ्हायनी," मास्तर खुलला. "परवा ते दगडसारखी व्हती."

"हात ओळखून बोलते ती," मी म्हणालो. "डोळे मिटून मुंबईची ठेव."

तेवढ्यात छगन आला. बँडच्या खोलीत त्यानं मशीन मांडलं, वायर लावली आणि आधी कलकत्तेवाली जोडली. दोन सूर चांगले निघाले. मग त्यानं हात काढला, तर गिटार आपली आपणच ओरडायला लागली. हूंऽऽऽ करून जी सुरू झाली, ती थांबेना. बाहेर टांग्याचा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. छगननं वायर उपटली.

"ही परत," तो म्हणाला. "घरात वाजवायला गोड आहे, पण मांडवात मोठ्या आवाजाला चालत नाही. मशीनचा आवाज तिच्या पोकळ पोटात शिरतो आणि तिथंच घुमत बसतो. मुंबईवाला हुशार. त्यानं मुद्दाम भरीव ठेवलीय. तीच तर त्याची कारागिरी. मामा, तुम्ही बरोबर निवडलीत."

मी मुंबईवाली हळूच मागं सरकवली. मी म्हणालो, "छगन, दमला असशील. चहा घे. उद्या बघू."

"उद्या कसाले?" मास्तर म्हणाला. "परवा लगीन शे. लाव रे."

छगननं मुंबईवाली लावली. एकही तार छेडली नव्हती हो. ती अशी किंचाळली की समोरचा शिंपी मापाची पट्टी गळ्यात घेऊन रस्त्यावर आला. छगननं वायर काढली, गिटार उलटी केली, नवी फळी पाहिली, आणि मास्तरसमोर धरली.

मास्तरनं फळी बघितली. मग मला बघितलं.

"हाई कोणी करं?"

"सरस अजून ओला असेल," मी म्हणालो. "वाळल्यावर गप्प बसेल."

मास्तर खाली बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता बसला आणि म्हणाला, "तीस वरीस वाजाडं मी तठे."

तेव्हा मात्र माझी मस्ती जिरली. घरी पळालो, बायकोच्या समोर माझी उशी फोडली आणि कापूस घेऊन आलो. फळी उचकटली, कोरलेल्या जागेत कापूस ठासठासून भरला, फळी परत दाबून बसवली. छगननं वायर लावली. एक हलकासा हुंकार निघाला, पोट बिघडलेल्या म्हशीसारखा, आणि गेला.

"मशीनपासून लांब बसलो तर निभेल," छगन म्हणाला. "दैवाच्या भरवशावर."

लग्नात पाटलानं विहिरीच्या पंपावरून वीज ओढली होती. मास्तरनं मला मशीनशेजारी बसवलं आणि बजावलं, हुंकार आला की बटण पिळायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. मंगलाष्टकं झाली, वरात फिरली, छगन वाजवत होता आणि मी बटणावर असा वाकलेलो, की एका म्हातारीनं मला पूजेला बसलोय समजून नमस्कार केला. पण गिटार ओरडली नाही. सुरतवाल्या पाहुण्यांनीसुद्धा मान डोलावली.

जेवणं उरकल्यावर पाटील आमच्याकडे आला. खूश होता. मास्तरला म्हणाला, "पुढचंही लग्न तुमचंच. पण एक सांगा, एवढी कारागिरी कोणाची? कलकत्त्याची की मुंबईची?"

आता मी गप्प बसायचं होतं. पण स्वभावाला औषध आहे का? मी बटण सोडून पुढं झालो आणि खाकरून म्हणालो, "पाटील, मुंबईची आहेच, पण थोडी आमचीही आहे."

मास्तर क्लॅरिनेट पुसत होता. मान वर न करता तो म्हणाला, "खरं आहे, पाटील. मुंबईवाल्यानं आत अक्कल भरून पाठवली होती, ती यानं पटाशीनं कोरून काढली. मग त्या जागी कापूस भरला. याच्या डोक्यातही भरणार होतो, पण तिथं आधीच ठासलेला निघाला."