कुंदनची खुर्ची आणि एक्केचाळीस डबे

कुंदन घरतचे दोन्ही गुडघे कामातून गेले ते इंटरनेटपायी. असं सांगितलं की लोक हसतात. त्यांनी एकदा आमच्या गावातली घरं चढून बघावीत. न्हावा शेवा बंदराच्या कुशीतलं हे गाव. जमिनी बंदरात गेल्यावर प्रत्येकाने भाड्याच्या आशेने मजल्यावर मजला चढवला, पण लिफ्ट एकानेही बसवली नाही. शेवटच्या जिन्यानंतर लोखंडी शिडी, शिडीवर पाण्याची टाकी, टाकीशेजारी एक पाइप आणि त्या पाइपावर इंटरनेटचा पांढरा डबा. लांबच्या टॉवरवरून हवेतून येणारा सिग्नल हा डबा पकडतो आणि वायरीने खाली घरात देतो. आमच्या बोळांत केबल टाकायला जागा नाही, म्हणून गेली अकरा वर्षं अख्खं गाव या डब्यांवर चाललंय. एकशे त्रेसष्ट डबे, सगळे कुंदनने बसवलेले.

कुंदन इथलाच. बाप मिठागरावर राबला, मुलगा गच्च्यांवर. वय अठ्ठेचाळीस, चाल साठीची. मी साताऱ्याकडचा, एका कस्टम एजंटकडे कारकून. पुतळावहिनींच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, तिथेच माझं ऑफिस. कंटेनरचे कागद वेळेत ऑनलाइन गेले नाहीत की मालक माझ्यावर ओरडतो आणि मी कुंदनवर. आमची ओळख अशी ओरडण्यातून वाढली. तो कधी उलट बोलला नाही. मी मात्र स्वभावाने तापट आहे, हे लपवून उपयोग नाही.

यंदा त्याच्या मालकाने, कामोठ्याच्या उदयसिंहांनी, टॉवर बदलायचं काढलं. नेट फार हळू चालतं, गिऱ्हाइकं सोडून चालली होती. त्यांनी ठरवलं ते असं: टॉवरवरचं यंत्र नवं घ्यायचं, गच्च्यांवरचे डबे तेच ठेवायचे. नव्या यंत्राला जुने डबे चालतात, फक्त ऑफिसातून प्रत्येक डब्यात नवं सॉफ्टवेअर पाठवायचं. कुणाला नवा डबा घ्यायला नको, कुणाला गच्चीवर चढायला नको. आणि ते कुंदनला म्हणाले, "एवढं नीट पार पडलं की तू कामोठ्याला ये. खुर्चीत बसून स्क्रीनवर डबे बघायचे. शिड्या खूप झाल्या तुझ्या."

हे त्याने मला चहा पिताना सांगितलं. इतका खुललेला कुंदन मी पहिल्यांदाच पाहिला. "साहेब, चाकांची खुर्ची हाय. उटायला पन नको, नुसता सरकायचा," म्हणाला. मी हो हो म्हटलं. माझं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी टॉवर बदलला. दुपारपर्यंत एकशे बावीस डबे सुरू झाले. एक्केचाळीस काही केल्या लागेनात, आणि त्यात आमचा. सोमवारी सकाळी माझे दोन कंटेनर अडकले. कुंदन जिना चढत आला तसा माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. तो वर चढत राहिला आणि मी ओरडत त्याच्या मागे. शिडी चढून त्याने डब्याकडे पाहिलं आणि टाकीच्या कट्ट्यावर मटकन बसला.

डबा चांदीसारखा चमकत होता.

मागोमाग पुतळावहिनी वर आल्या. कौतुकानेच म्हणाल्या, "गनपतीच्या आधी घराला रंग काडला ना, तवा सिल्वर उरला व्हता. डब्याला पन दोन हात मारले. कसा चकाचक झाला!"

इथली हवा खारी. लोखंड दोन पावसाळ्यांत खाऊन टाकते. म्हणून कुंदनच दरवर्षी घरोघर सांगायचा, गणपतीच्या रंगकामात डब्याच्या पाइपाला सिल्व्हर मारा. लोकांनी पाइपाला मारला, पट्ट्यांना मारला, आणि ब्रश हातात होताच तर डब्यालाही मारला. त्या रंगात धातूची भुकटी असते, ती सिग्नल अडवते. जुन्या यंत्रावर रडतखडत का होईना चालायचं. गणपतीनंतर दरवर्षी नेट मंद होतं, याचा दोष कुंदन ढगांना देत आला होता. नव्या यंत्राला मात्र तेवढा सिग्नल पुरेना.

त्याने तिथूनच उदयसिंहांना फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मी सगळं ऐकलं.

"डबे गेलेत का?" त्यांनी विचारलं.

कुंदनने डब्यावरच्या रंगावर नख ओढून पाहिलं.

"अरे, गेले असतील तर खराब लिहून टाक. जुनेच आहेत. कंत्राटाची पोरं नवे बसवतील, गिऱ्हाईक पैसे देईल. तू येत्या सोमवारी ऑफिसला ये, खुर्ची आणून ठेवलीय."

एक शब्द लिहायचा होता त्याला. खराब. कोण गच्चीवर जाऊन तपासणार होतं? मी असतो तर लिहिला असता, खोटं कशाला बोलू? कुंदन गुडघे चोळत म्हणाला, "डबे चांगले हायेत, सर. लोकांनी रंग मारलाय. मीच सांगितला व्हता. मी काडतो."

मग सहा दिवस तो रंग काढत होता. थिनर लावला तर प्लास्टिक विरघळतं, म्हणून ओला पॉलिश पेपर घ्यायचा आणि हळूहळू घासायचं. एका डब्याला दीड तास. दिवसाला सात घरं. चढताना कठड्याला धरून चढायचा आणि उतरताना चक्क बसून, एकेक पायरी ढुंगणावर सरकत यायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एका घरी चंदेरी रंगावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं होतं, तिथे त्याने आधी हात जोडले आणि मग पेपर लावला. कुणी जेवायला बसवलं, कुणी इतके दिवस नेट नाही म्हणून दारातच झापलं. मी झापणाऱ्यांतला. पण त्याने पहिला डबा माझाच साफ केला होता, आणि नेट असं धावायला लागलं की दुपारपर्यंत माझे कागद गेले. मला लाज वाटली. चांगलीच वाटली.

शनिवारी संध्याकाळी एक्केचाळिसावा डबा लागला. त्याच रात्री मी बसून उदयसिंहांना अर्ज लिहिला. गावातले अर्ज मीच लिहितो, हात बसलेला आहे. लिहिता लिहिता मला भरूनच आलं. शेवटी लिहिलं: "श्री. कुंदन घरत यांच्यासारखा प्रामाणिक माणूस दुसरा मिळणे नाही. तरी यापुढे आमच्या गच्चीवर त्यांच्याखेरीज अन्य कोणासही पाठवू नये, ही नम्र विनंती." रविवारी घरोघर फिरून एकशे बारा सह्या घेतल्या. पहिली सही पुतळावहिनींची. सोमवारी सकाळी मी स्वतः कामोठ्याला जाऊन अर्ज दिला. उदयसिंहांनी तो दोनदा वाचला, चहा मागवला आणि म्हणाले, "बरं झालं आणलात." परतताना मी स्वतःवर इतका खूश होतो की बसमध्ये शेजारच्या माणसालाही सगळं सांगितलं.

गुरुवारी जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. एक पायरी, थांबा, एक पायरी, थांबा. खांद्याला हत्यारांची पिशवी लावून कुंदन वर आला. वहिनींची टाकी हलवायची होती, म्हणून डब्याची जागा बदलायची होती.

"अरे, तू ऑफिसात नाहीस?" मी विचारलं.

"गेलतो सोमवारी. सरांनी अर्ज दावला. म्हनाले, बघ, गावाला तूच पायजे, दुसरा कोन नको. आता मी तुला ऑफिसात कसा बसवू? खुर्चीवर वैदेहीला बसवली. नवीन पोरगी हाय."

अर्ज लिहिताना खुर्चीची आठवण मला एकदाही झाली नव्हती. त्याने ती मला सांगितली होती, चाकांसकट सांगितली होती.

"अक्षर तुमचाच व्हता ना?" तो म्हणाला. "वलखला मी. चांगला लिवलाय, साहेब. मोबाइलवर फोटो काडून घरी नेला, निशिगंधानं, माज्या बायकोनं, दोनदा वाचून घेतला."

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी घाईघाईने म्हणालो, "थांब कुंदन, मी दुसरा अर्ज लिहितो. आजच लिहितो. पुन्हा सगळ्यांच्या सह्या घेतो, तुला खुर्ची..."

"नको साहेब," तो म्हणाला. "आता काय लिवू नका." आणि त्याने शिडीला हात घातला.