देवळाच्या दारात बसवलेला आवाज

शांतलिंग दारं-खिडक्या करतो. उमरग्याच्या अलीकडं हायवे सोडून तीन किलोमीटर आत त्याचं गाव. गावातली निम्मी दारं त्याच्या हातची आहेत आणि ती पावसाळ्यातसुद्धा अडकत नाहीत. हे तो कधी बोलून दाखवत नाही, दार उघडून दाखवतो. उरलेल्या वेळात तो स्पीकर करतो. विकत नाही. विकायला मागणारा कुणीतरी लागतो.

कस्तुराबाई त्याची थोरली बहीण, गावातल्या गावात दिलेली, सगळ्या गावाची अक्का. महादेवाच्या देवळात दर सोमवारी बायकांचं भजन असतं आणि तीस वर्षं अक्का पुढं म्हणते. ती ओळ टाकते, चाळीस बायका ती झेलतात. गेल्या थंडीत अक्काला खोकला झाला. खोकला गेला, जाताना आवाजातलं वजन घेऊन गेला. सभामंडप लांबडा. मागच्या रांगेला अर्धी ओळ पोचायची, उरलेली त्या अंदाजानं म्हणायच्या. एका सोमवारी पुढच्या बायका महादेवाला बेल वाहत होत्या तेव्हा मागच्या त्याला अजून अंघोळच घालत होत्या.

मंडळात विषय निघाला की मोबाईलवरचं भजन लावावं आणि सगळ्यांनी त्याच्या मागं म्हणावं. अक्कानं ऐकून घेतलं.

"पुढल्या सोमवारी मागच्या रांगेला माझं शब्द कळलं तर म्या म्हणीन," ती म्हणाली. "न्हाय कळलं तर टाळ देवापुढं ठेवते अन् मागं जाऊन बसते. मग लावा तुमचा मोबाईल."

देवळाचा पत्र्याचा भोंगा होता. अक्का त्याच्यातून एकदाच म्हणाली होती. "भजन वाटंना गं बाई," ती म्हणाली होती, "सोलापूर गाडी फलाटाला लागली म्हणून सांगतंय कुणी, असं वाटलं."

त्या रात्री ती भावाकडं आली. बसली नाही.

"शांत्या, तुझी ती खोकी वाजत्यात का नुसती बसत्यात?"

"वाजत्यात, अक्का."

"सोमवारी वाजू दे," म्हणाली आणि गेली.

सोमवारी संध्याकाळी गावाला लाईट नसते. म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी आणि जुन्या रेडिओतून काढलेला पाच वॅटचा ॲम्प्लिफायर, एवढंच हातात होतं. ही बातमी वीरप्पाला लागली. वीरप्पाचा डीजे आहे. वरात निघाली की घरांच्या पत्र्यांचे खिळे सैल होतात.

"अप्पा, पाच वॅटमधी काय व्हतंय?" तो शांतलिंगच्या शेडमध्ये येऊन म्हणाला. "माझ्या मंडपातला बल्ब बी साठाचा हाय."

"मग बल्बाला भजन म्हणाय लाव."

वीरप्पानं तरी आपला एक स्पीकर आणून दिला. मागं दहा किलोचा चुंबक, पुढं चपलेच्या तळव्याएवढा जाड पडदा. शांतलिंगनं पाच वॅट लावले. स्पीकर पुटपुटला.

"ही म्हैस हाय," शांतलिंग म्हणाला. "उठवायलाच शंभर वॅट जात्यात. बोलायला काय राहतंय?"

दुसरा मोटारीच्या दारातला होता, कडेला रबर असलेला. आवाज गोड, पण उंबऱ्याच्या बाहेर यायला तयार नाही. तिसरा एका बंद पडलेल्या तंबू-टॉकीजच्या भंगारातला. आठ इंची, पडदा वहीच्या पुठ्ठ्याएवढा हलका, कडासुद्धा चुण्या घातलेल्या कागदाच्याच आणि मधोमध कागदाचा एक छोटा कोन, धोत्र्याच्या फुलासारखा. शांतलिंगनं त्याच्यावर फुंकर घातली तर फुंकरीनंसुद्धा पडदा हलला.

"ह्याच्यात बास वेगळा कुठंय? बारीक आवाजाचा वेगळा कुठंय?" वीरप्पानं विचारलं.

"अक्काला तोंडं किती हायती?"

"एक."

"मग?"

वीरप्पा आपली म्हैस उचलून घेऊन गेला.

स्पीकरची परीक्षा घ्यायची शांतलिंगची पद्धत ठरलेली होती. त्यानं गिरिजाबाईचा, म्हणजे बायकोचा, तिच्या नकळत आवाज मोबाईलवर धरून ठेवला होता. "जेवायला येतायसा का ताट कुत्र्याला घालू?" एवढंच वाक्य. ते स्पीकरवर लावायचं. ऐकून आपण बसलेलेच राहिलो तर स्पीकर नापास. भंगारातल्या स्पीकरवर लावलं, तेव्हा शांतलिंग उठून उभा राहिला आणि हात धुवायला निघाला. स्पीकर पास झाला.

आता त्याला घर पाहिजे. प्लायवूडचा बंद खोका केला तर आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यागत. पत्र्याच्या धान्याच्या कोठीत बसवला तर प्रत्येक शब्दामागं कोठी स्वतःचं काहीतरी बोलायची. नुसत्या फळीवर ठोकला, तर आवाज मोकळा पण हडकुळा, छाती नसलेला. कारण शांतलिंगला माहीत होतं. पडदा पुढं हवा ढकलतो तेव्हा मागची ओढून घेतो. मागची हवा फळीच्या कडेवरून पुढं येते आणि पुढचीला खाऊन टाकते, जाऊबाईसारखी. फळी रुंद पाहिजे. किती रुंद? दाराएवढी.

देवळात गाभाऱ्याला लागून सामानाची खोली आहे. तिचं दार सभामंडपात उघडतं, आणि ते शांतलिंगनंच करून देवाला दिलेलं. दार लावलं की मागची सगळी खोलीच खोका. आत सतरंज्यांची थप्पी, म्हणजे आवाज घुमायचा प्रश्न नाही. पितळी हंडे त्यानं बाहेर काढले, कारण हंड्यांना मधे बोलायची सवय असते. मग छातीएवढ्या उंचीवर दाराला आठ इंची गोल भोक पाडलं. पंच विचारायला आले.

"दार म्या दिलंय," शांतलिंग म्हणाला. "भोक बी देणगीतच धरा."

शनिवारी स्पीकर शेवटचा तपासायला घरी आणला आणि तो फेव्हिकॉल आणायला दुकानात गेला. गिरिजाबाईच्या घरात नवी वस्तू हळद-कुंकवाशिवाय वापरात येत नाही. ट्रॅक्टरला लावलं होतं, मिक्सरला लावलं होतं, सुनेच्या लॅपटॉपलासुद्धा. इथं तर वस्तू देवळात चाललेली. तिनं हळद पाण्यात कालवली आणि बरोबर मधल्या फुलावर पाच बोटं ओढली. वर कुंकू. वर दोन थेंब पाणी, शास्त्राला.

शांतलिंग आला. कागदाचं फूल लोळागोळा होऊन एका अंगाला झुकलं होतं.

"का हो, असं काय बघतायसा?" गिरिजाबाईनं विचारलं.

त्यानं स्पीकर दोन्ही हातांनी उचलला आणि शेडमध्ये नेला.

रविवारी फूल सावलीत वाळलं. बोटानं नीट उभं केलं. पण मोबाईल लावला तर गिरिजाबाईचा आवाज चांगल्या स्वभावाच्या बाईचा यायला लागला. टोक गेलं होतं. "स" आणि "श" कापसात पडल्यासारखे. शांतलिंगनं चपडा लाखेच्या पॉलिशची बाटली काढली, स्पिरिटमध्ये विरघळवलेली, दारांना चकाकी आणायची. पातळ केली आणि मऊ ब्रशानं फुलावर एकच हात फिरवला. दुसरा हात फिरवायचा मोह झाला. वजन वाढलं असतं म्हणून ब्रश धुऊन टाकला. तासाभरानं फूल कांद्याच्या वाळक्या पातीसारखं कडक झालं. हळदीचे पाच पट्टे तसेच राहिले.

परत मोबाईल लावला. "ताट कुत्र्याला घालू?" मधला "त्र्या" असा आला, की शेडबाहेर झोपलेलं कुत्रं उठून बसलं.

सोमवारी स्पीकर दाराच्या भोकात बसला आणि देऊळ भरलं. वीरप्पा खांबाला टेकून उभा होता. अक्कानं भोंग्याच्या जुन्या माईकपुढं एकदा खाकरलं आणि ओळ टाकली. दारातून अक्काच बाहेर आली. मोठी नाही, फक्त प्रत्येकीच्या शेजारी येऊन बसली. चाळीसजणींनी ओळ एकदम झेलली. पहिलं भजन पार पडलं. वीरप्पा खांब सोडून सरळ उभा राहिला.

दुसरं भजन लांब होतं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, अक्कानं पुढचं उचललं. मागची रांग गप्प. मग पुढच्याही थांबल्या. टाळ एकेक करत बंद झाले.

मागच्या रांगेतून गिरिजाबाई म्हणाली, "अक्का, तिसरं कडवं ऱ्हायलं की."

अक्का माईकपुढंच होती. "ऱ्हायलं न्हाय," ती म्हणाली. "सोडलंय. त्याच्यातल्या वळी लांब हायत्या, दम पुरत न्हाय. शिवरात्रीपासनं सोडते."

हेही सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. इतके सोमवार पुढच्या बायका अक्कामागं तशाच जायच्या आणि मागं कुणाला कळलं नव्हतं.

"मागं शब्द कळले न्हवं?" अक्कानं विचारलं.

"कळले म्हणून तर इचारलं."

अक्कानं हातातल्या टाळाकडं पाहिलं. ठेवला नाही. मांडीवर घेतला.

"मग तिसरं मागच्या रांगेनं म्हणायचं," ती म्हणाली. "म्या तवर दम घेते. गिरिजा, उचल."

गिरिजाबाईनं उचललं. तिच्यापुढं माईक नव्हता आणि तिला त्याची गरजही नव्हती. पुढच्या बायका मागं तोंड करून म्हणू लागल्या. दारातल्या स्पीकरमधून तेवढा वेळ फक्त अक्काचा श्वास येत होता, आधी तोकडा, मग हळूहळू लांब. शांतलिंगचा हात आवाजाच्या बटणावर होता. त्यानं ते कमी केलं नाही. कडवं संपत आलं तशी अक्कानं पाठ सरळ केली आणि ठेक्यावर चौथं घेतलं.