नजरेचं माप

सकाळी साडेआठला फूटपट्टी एका हाताने चहा ढवळत होती, दुसऱ्या हाताने सांडलेल्या टाचण्या चुंबकाने वेचत होती, आणि थोरली तिच्यावर खेकसत होती. कालच्या चहात टाचणी निघाली होती.

"गिळली तर नाहीस ना?" फूटपट्टी म्हणाली. "शिंपिणीच्या घरी राहायचं आणि चहात काय मोती शोधायचे?"

फूटपट्टी हे काही तिचं जन्माचं नाव नव्हे. जन्माचं नाव मुलाचं होतं. ते विसाव्या वर्षी तिने आईबापांच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि निघाली. थोरलीही त्याच वाटेने आलेली, फक्त बारा वर्षं आधी. इस्पितळात चादरी धुणारी ही बाई तिच्या रक्तानात्याची नव्हती, पण रागावण्यात सख्खी होती.

फूटपट्टी हे नाव गिऱ्हाइकांनी पाडलं. सुरुवातीला बायका हौसेने कापड आणायच्या, पण टेप पुढे केला की अंग चोरायच्या. "राहू दे गं, नुसतं बघूनच घे माप." ती आधी रडली, मग शहाणी झाली. बाईला दारात उभं करायचं, एक गिरकी घ्यायला लावायची, की छाती-कंबर-बाही तोंडपाठ! नऊ वर्षांत एक शिवण उसवावी लागली नव्हती. "हात लावत नाही हो, तिची नजरच पट्टी!" असं बायका कौतुकाने सांगत सुटायच्या. हात का लावत नाही, तेवढं गाळून.

चहाला उकळी आली आणि दारावर धाडकन लाथ बसली. टकटक नव्हे. खाली, गुडघ्याच्या उंचीवर, लाथच.

फूटपट्टी टेबलाखाली.

चार महिन्यांपूर्वी, भर दुपारी, दार असंच वाजलं होतं. दोघं होते. तिला जिन्यात ओढून मारलं, वर "तू नक्की आहेस तरी कोण?" असं विचारलंही, जसं काही उत्तर ऐकायलाच आले होते. पडल्या पडल्या तिला समोरचं दार किलकिलं झालेलं दिसलं, आणि परत लागलेलंही. चौकीतल्या कागदावर 'आपसातलं भांडण' असं लिहिलं गेलं. गालाची जखम भरली, पण झोप उडाली ती उडालीच. "जगून काय करायचंय?" असं ती एकदा बोलून गेली, तेव्हा थोरलीने मनगट धरून तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि एक युक्ती सांगितली: जीव घाबरला की समोरच्या पाच वस्तू मोठ्याने मोजायच्या.

"कात्री," टेबलाखालून आवाज आला. "मशीन. खडू. तुझा उजवा पाय. तुझा डावा पाय."

"पाय एकातच धर!"

"एवढे मोठे एकात कसे मावतील?"

दुसरी लाथ. पाठोपाठ गुदमरलेला आवाज, "अगं, उघडा गं कुणीतरी! माझे हात अडकलेत!"

थोरलीने डाव उगारून दार उघडलं. आत आला तो एक निळा ड्रेस. दोन्ही बाह्या आभाळाकडे, डोकं गायब, खाली परकर. ड्रेसच्या आत समोरच्या घरातल्या मुख्याध्यापिका बाई होत्या. अकरा वाजता शाळेत त्यांचा निरोप समारंभ होता.

"हसतंय कोण?" ड्रेसने विचारलं. "छत्तीस वर्षं पोरांना हात वर करून उभं केलं, त्याची फेड आहे ही. आधी ओढा!"

दोघींनी ओढलं. "श्वास सोडा, बाई."

"सोडला."

"अजून सोडा."

"शिल्लक नाही गं!"

बाटलीचं बूच निघावं तशा बाई निघाल्या. केस विस्कटलेले, चष्मा कपाळावर. थोरली हसून हसून जमिनीवर बसली होती.

"दोन इंच कमी पडलं," बाई धापा टाकत म्हणाल्या. "तू तर कधी चुकत नाहीस. मीच जाड झाले का गं?"

"हो, थोड्या," एवढं म्हटलं की सुटका होती. उलट खरं सांगितलं आणि फूटपट्टीची नजर गेली असं एकदा पसरलं, की गिऱ्हाईक गेलं, मशीन गेलं, आणि टेबलाखालचा मुक्काम कायमचा. ती ड्रेसची शिवण उलटीसुलटी करत राहिली.

"जाऊ दे. शिलाईत कापड ठेवतेस ना? मग वाढव आणि दे. ही बघ, फिरते मी."

आणि मुख्याध्यापिका बाईंनी परकर फुलवत दारातल्या दारात गिरकी घेतली. फूटपट्टीने डोळे बारीक केले. एक बाई फिरत होती, तिच्या कडेला चिकटून दुसरी अर्धी बाई फिरत होती, आणि दोघींचा तोल एकदमच गेला. बाईंनी पटकन तिचाच खांदा धरला.

फूटपट्टीला हसू फुटलं. पोटातून, चार महिन्यांत पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाईही हसत होत्या, खांद्यावरचा हात तसाच ठेवून. मग त्या मध्येच थांबल्या. "त्या दुपारी मी दार..."

"ते नंतर बोलू, बाई. अकरा वाजतील." तिने खुंटीवरचा टेप काढला. नऊ वर्षं तो नुसता टांगलेला होता. "मार लागल्यापासून मला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. नजरेने आता जमायचं नाही. मला टेप लावून तुमचं माप घेऊ द्या."